चाळणीची कड

"काहीही कर, पण टोकांना हात लावू नकोस," आत्याने बजावलं होतं. टोपली हातात देताना बजावलं, सायकलच्या दांड्याला बांधताना बजावलं आणि इन्स्पेक्टर निघाली तेव्हा पाठीमागून ओरडूनही बजावलं. इन्स्पेक्टरने मान डोलावली, हो हो म्हटलं, आणि ते बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. तिच्या डोक्यात तेव्हा ब्रेक होते. ब्रेक, पुढचा चौक आणि उतारावर सांडलेली वाळू. एका माणसाने एका वेळी किती धोके सांभाळायचे, त्यालाही काही मर्यादा असते.

इन्स्पेक्टर हे काही तिचं खरं नाव नव्हे. ठकू झाल्यापासून नवरा तिला तसं म्हणायला लागला आणि बघता बघता सगळ्या इमारतीने ते उचललं. रागवायची सोय नव्हती, कारण ते खोटं नव्हतं. घरातल्या टेबलाचे कोपरे तिने जुन्या मोज्यांनी बांधून टाकले होते. ठकूसाठी नवा फ्रॉक आला की आधी मानेमागचं लेबल कापायचं, मग टोचणारी शिवण सोडवायची, आणि त्यासाठी नखं कापायची छोटी कात्री सतत खिशात. पोरगी खोकली तर ही उठून बसायची आणि पोरगी शांत झोपली तरी ही उठून बसायची, एवढी शांत का म्हणून.

कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेली. पुडक्यामागची बारीक अक्षरं वाचायची खोड तिथलीच. एकदा ब्रेडच्या पुडक्यामागचं सगळं वाचून काढलं आणि ठकूच्या तोंडातला घास बोटाने बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी स्वतः पाव भाजायला घेतला. पहिला पाव असा झाला की त्याने भिंतीत खिळा ठोकता आला असता. नवऱ्याने तोही चहात बुडवून खाल्ला, हूं की चूं न करता. पण बाई चिवट. पीठ किती भिजवायचं, किती वेळ झाकून ठेवायचं, भट्टीच्या कुठल्या कोपऱ्यात आच जास्त लागते, हे तिने डोळ्यांत तेल घालून शिकून घेतलं. महिना-दोन महिन्यांत पावाचा वास जिन्यात उतरायला लागला, वासामागोमाग शेजारीण वर आली, शेजारणीमागोमाग तिची बहीण. आणि एक दिवस इन्स्पेक्टरच्या लक्षात आलं की आपण नोकरी सोडून घरी बसलेलो नाही, आपला धंदा सुरू झालाय.

पाव पोचवायला तिने जिन्याखाली धूळ खात पडलेली सायकल बाहेर काढली, आणि शहर तिला नव्याने दिसलं. बसमधून ती इतकी वर्षं जे शहर बघत होती ते नुसतं पाट्यांचं होतं. सायकलवर बसल्यावर कळलं की कुठल्या तळघरात कोण साबण शिजवतं, कुठल्या गच्चीवर मधमाश्यांच्या पेट्या आहेत, आणि जुन्या गोदामामागच्या दुधाच्या वासाच्या खोलीत एक जाडा माणूस चीज कसं दाबून ठेवतो, त्याची कूस बदलतो, त्याच्याशी बोलतो. ते गोदाम आणि त्यामागची गल्ली तिला एका पंक्चरने दाखवली. गल्ली इतकी चिंचोळी की तिच्यात गाडी शिरत नाही, म्हणूनच तिथे माणसं शिरली होती. शनिवार-रविवारी सकाळी सगळे सायकलवरूनच माल घेऊन यायचे आणि भिंतीला सायकली टेकवून तिथेच विकायचे. तोंडाशी पंक्चरवाले काका. त्यांच्यापुढून हवा न भरता कोणी आत गेलं तर ते मनाला लावून घेत.

आणि गल्लीच्या टोकाला, पालथ्या खोक्यावर, पाण्याच्या टबात वेताच्या काड्या भिजत घालून बसलेली आत्या.

ती कोणाची आत्या होती ते कोणालाच माहीत नव्हतं. सायकलीच्या टोपल्या विणायची आणि स्वतःची स्तुती करायची, ही तिची दोन कामं, आणि दोन्हींत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. माझी टोपली सायकलीपेक्षा जास्त टिकते, ती म्हणायची, आणि सायकलवाल्यापेक्षाही. वय विचारलं तर उत्तर मिळायचं, टोपलीला विचार. आधी ती तुमची सायकल धरून गदागदा हलवायची, मग विचारायची, ओझं काय. साबणवालीची टोपली रुंद, मधवाल्याची दुहेरी बुडाची, चीजवाल्याची झुळूक लागावी अशी विरळ. इन्स्पेक्टरने सांगितलं, ओझं म्हणजे माझी मुलगी. पुढच्या दांड्यावर तिला बसायला खुर्चीसारखी टोपली हवी. आत्याने ठकूकडे पाहिलं. ठकू तेव्हा साबणाची वडी चाटून बघत होती.

"ओझं चळवळं आहे," आत्या म्हणाली आणि काड्या निवडायला लागली.

तिची एक पद्धत होती. टोपली विणून झाली तरी कड ती लगेच बांधायची नाही. वरच्या बाजूला उभ्या काड्यांची लांब टोकं तशीच मोकळी सोडायची, वीण सरकू नये म्हणून भोवती नुसती सुतळी गुंडाळायची आणि सांगायची, आठवडाभर फिरव. तुझी सायकल कशी हादरते, तुझं ओझं कुठे कलतं, हे टोपलीला कळू दे. टोपली बसली की ये, मग मी टोकं वाकवून तिचं तोंड बांधते. त्यामुळे गल्लीत नवखा माणूस लांबून ओळखू यायचा. त्याच्या सायकलवर साळिंदर बसल्यासारखं दिसायचं. तोपर्यंत पोरीला आत बसवायचं नाही, आत्याने ठणकावून सांगितलं. पोरीच्या वजनाची पिठाची पिशवी बसव. पिशवी पडली तर पीठ सांडेल.

इथवर सगळं ठीक होतं. मध्ये आल्या ताई.

ताई म्हणजे इन्स्पेक्टरची थोरली नणंद, एका मोठ्या इस्पितळात हाडांच्या वॉर्डात हेडनर्स. राहायच्या खालच्याच मजल्यावर, म्हणजे वरच्या घरात चमचा पडला तरी त्यांना कळायचं. मनाने वाईट नव्हत्या. धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं होतं आणि ठकूवर त्यांचा जीव होता. पण रोज मोडलेली माणसं बघून बघून त्यांना धडधाकट माणूस दिसला की हा आता कुठे मोडणार, एवढंच सुचायचं. त्या दृष्टीने नणंद-भावजय एकाच माळेचे मणी होत्या, आणि म्हणूनच त्यांचं पटत नव्हतं. नवऱ्याची पाळी बदलली, सकाळी ठकूला सांभाळायला घरी कोणी उरलं नाही, तेव्हा ताईंनी सगळं परस्पर ठरवून टाकलं. इस्पितळाच्या पाळणाघरात ठकूची जागा, ओळखीच्या ऑफिसात भावजयीला नोकरी, आणि सायकल भंगारात. पाव काय, हौस म्हणून रविवारी भाजावा.

त्या वर आल्या तेव्हा साळिंदर दारातच उभं होतं, आत पिठाची पिशवी, पिशवीला पट्टा. ताईंनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं.

"माझ्या वॉर्डात सायकलवाले येतात ना," त्या म्हणाल्या, "ते चालत येत नाहीत."

इन्स्पेक्टरने पिशवीचा पट्टा ओढून बघितला. हेच वाक्य ती रोज स्वतःला ऐकवत होती. पण स्वतःची भीती दुसऱ्याच्या तोंडून आली की माणसाला तिचा राग येतो, आणि राग आला की बळ येतं. ती म्हणाली, टोपली पक्की होईल तेव्हा येऊन बघा. ताई म्हणाल्या, बघेनच. रविवारी सकाळी येऊन स्वतः हलवून बघेन, आणि हलली तर सायकल जाईल, पोरगी पाळणाघरात जाईल आणि तू ऑफिसात. कबूल? भावजय म्हणाली, कबूल. नवरा तेव्हा गॅलरीत उभा राहून शेजारच्या इमारतीचं बांधकाम बघत होता. बहीण आणि बायको यांच्यामध्ये उभं राहण्यापेक्षा बांधकाम बरं.

मग तो आठवडा. इन्स्पेक्टर रोज सकाळी मागच्या कॅरियरवर पाव आणि पुढे पिठाची पिशवी घेऊन निघायची. वळणावर पिशवीला सांगायची, घट्ट धर हं. सिग्नलला लोक बघायचे. एका शाळकरी पोरीने विचारलं, बाळ एवढं पांढरं का? हळूहळू तिच्या ध्यानात आलं की टोपली खरंच बदलतेय. पहिले दिवस करकरायची, मग गप्प झाली. डावीकडे जरा जास्त कलली आणि तिथेच स्थिरावली. हातांनाही सवय झाली. पुढचं वजन कसं तोलायचं, ब्रेक कुठून दाबायचा, हे आता हात आपणहून करत होते.

पण घरी वेगळंच नाटक चाललं होतं. आपल्या जागेवर आई पिठाच्या पिशवीला फिरवते, हे ठकूला बिलकूल मंजूर नव्हतं. सायकल दारात उभी राहिली की ती धावत यायची आणि पिशवीला ओढून काढायला टोपलीत तोंड घालायची. शुक्रवारी इन्स्पेक्टर भट्टीपाशी होती. मागे वळून बघते तर ठकूचा गाल आणि वेताचं टोक यांच्यामध्ये केसाएवढं अंतर. टोकाच्या बरोबर वर डोळा.

तिने पोरीला उचललं. उचलून आत नेलं, बसवलं, खिशातली कात्री काढली आणि एकेक टोक कापायला सुरुवात केली. टोपलीभोवती गोल फिरत तिने सगळी टोकं विणीच्या बरोबरीने साफ कापली आणि वर नखं घासायच्या कानशीने घासून गुळगुळीतही केली. हात फिरवून बघितलं. कुठे टोचत नव्हतं. इतकं समाधान तिला कित्येक दिवसांत झालं नव्हतं. आत्याचं बजावणं तेव्हा तिला आठवलंच नाही असं नाही. आठवलं. पण तिला वाटलं, टोकं उपटू नकोस, वाकवू नकोस, असं काहीतरी आत्याला म्हणायचं असेल. पोरीच्या डोळ्याबद्दल आत्या थोडीच बोलत होती?

अती शहाणा त्याचा बैल रिकामा. शनिवारी टोपली बघून आत्या काही बोललीच नाही. आत्या बोलत नाही हे बघून साबणवालीने मान वर केली, चीजवाला पुढे आला, काका पंप खाली ठेवून आले.

"न्हाव्याकडून आणलीस का?" आत्याने शेवटी विचारलं.

मग तिने दाखवलं. तीच टोकं खाली वाकवून एकमेकांत गुंफली की कड होते. टोकंच नाहीत तर गुंफायचं काय? तिने सुतळी सैल केली आणि नुसता अंगठा लावला, तर वरची आडवी वीण स्वेटरचा धागा सुटावा तशी सरकन वर आली. आज एक ओळ जाईल, ती म्हणाली, उद्या दुसरी, आणि परवा पोरगी. इन्स्पेक्टरचे कान तापले. ती म्हणाली, उद्या नणंद टोपली तपासायला येणार आहे, नवी विणून द्या. आत्या म्हणाली, मी एका माणसाला दोन टोपल्या देत नाही, आणि दिली तरी आठवडाभर फिरवायला तुझ्याकडे आठवडा कुठाय? कापलेल्या काडीशेजारी नवी काडी खोचा, इन्स्पेक्टर म्हणाली, तर आत्याला ते मान्य नव्हतं. त्याला ती ठिगळ म्हणायची, आणि ठिगळ लावलेली टोपली तिच्या हातून आजवर गेली नव्हती. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, अशातली ती.

थोडक्यात, काही होत नाही. घरी जा.

इन्स्पेक्टर गेली नाही. जाऊन करणार काय होती? उद्या ताई येणार, टोपलीला हात लावणार, ती हातात उसवणार. मग सोमवारी ऑफिस आणि पोरगी पाळणाघरात. भट्टी झाकून ठेवायची आणि दर रविवारी हौस म्हणून उघडायची. तिला हौस हा शब्दच डोळ्यांपुढे दिसायला लागला, पाटीवर लिहिल्यासारखा. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि त्या उघड्या तोंडाच्या टोपलीकडे बघत राहिली. बघणं हेच तिला येत होतं. बघता बघता तिला रोज सकाळी हातात असणारी एक वस्तू आठवली.

"आत्या, चाळणीची जाळी कुठे कडेने गुंफलेली असते?" ती म्हणाली. "जाळी कापलेलीच असते. एक कडं आतून, एक बाहेरून, आणि मध्ये जाळी आवळून धरलेली. मी वर्षभर आपटतेय, माझी चाळणी उसवली नाही."

आत्या म्हणाली, ही चाळणी नाही. इन्स्पेक्टर म्हणाली, कापलेल्या टोकांची आहे, म्हणजे आता चाळणीच आहे. आतून-बाहेरून जाड वेताची दोन कडी घालायची, मध्ये ही कापलेली टोकं, आणि वरून करकचून गुंडाळायचं. कशाने गुंडाळणार, आत्याने विचारलं, सुतळी सैल पडते. इन्स्पेक्टरने काकांकडे बोट दाखवलं. काकांच्या दुकानात सायकलींच्या फुटक्या ट्यूबा खुंटीवर लोंबत होत्या. त्याच कापून ते दांड्यांना गुंडाळून द्यायचे, पावसापाण्यात हात घसरू नये म्हणून. रबर ताणून गुंडाळलं की आपणहून आवळतं. शिवाय मऊ. पोरीच्या गालाला लागणार नाही.

आत्या भडकली. खोकी ठोकणारे करतात तसली दोन कड्यांची कड, आणि वर टायरचं रबर, तीही माझ्या टोपलीला? गल्लीत मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. लोक विचारतील, आत्या, हे काय केलंत?

"माझं नाव सांगा," इन्स्पेक्टर म्हणाली. "सांगा, त्या शिकलेलीने वाट लावली आणि तिनेच हट्टाने असं करून घेतलं. पण उद्या माझी पोरगी यात बसणार आहे. तुम्ही नाही केलं तर मी करेन, आणि माझ्या हातून ते वाईट होईल. मग त्यालाही लोक तुमचीच टोपली म्हणतील."

हे मात्र आत्याच्या वर्मी लागलं. वाईट झालेली टोपली आपल्या नावावर खपेल, हे तिला काही केल्या सहन होणार नव्हतं. तिने शिव्या देत टबातून दोन जाड वेत उपसले.

काकांनी ट्यूबांच्या पट्ट्या कापल्या. इन्स्पेक्टरने गुंडाळायला सुरुवात केली, पण ओल्या वेतावरून रबर घसरत होतं. तेव्हा आत्याने तिचा हात बाजूला सारला आणि पाय भिंतीला रोवून स्वतः ताणायला लागली. प्रत्येक वेढ्याला आत्याच्या मानेची शीर फुगायची. मध्ये एकदा मनगट धरून थांबली. इन्स्पेक्टरने विचारलं, दुखलं का? आत्या म्हणाली, टोपलीकडे बघ, माझ्याकडे काय बघतेस. ज्या बाईला पोरीच्या गालाजवळची काडी दिसत होती, तिला त्या मनगटाकडे एकदाच बघावंसं वाटलं आणि मग तीही टोपलीकडेच बघत राहिली. शेवटची गाठ मारून आत्याने दोन्ही हातांनी कड धरून सायकल उचलली. सायकल उचलली गेली, कड हलली नाही.

"कुरूप आहे," ती म्हणाली. "पण धरते."

रविवारी ताई ठरल्या वेळी खाली उतरल्या, ड्युटीवर निघाल्यासारख्या बाह्या दुमडून. त्यांनी टोपली हलवली, दाबली, वर ओढली, आतून हात फिरवला. एखाद्या पेशंटचा गुडघा तपासतात तसं तपासलं. टोपली गप्प. नवरा जिन्यात उभा होता. त्याने चुकून सुस्कारा सोडला आणि बहिणीने बघताच तो खोकला म्हणून चालवून घेतला.

"टोपली ठीक आहे," ताई म्हणाल्या. "पण रस्त्याचं काय?"

"रस्त्याचं आपलं बोलणं झालं नव्हतं, ताई."

"आता होतंय."

इन्स्पेक्टरने ठकूला टोपलीत बसवलं. पट्टा लावला, ओढून बघितला, पुन्हा ओढून बघितला. मग तिसऱ्यांदाही ओढून बघितला, आणि ताई ते बघताहेत हेही तिला दिसत होतं. भीती गेलेली नव्हती. ती कधी जाणारही नव्हती. तिने फक्त ठरवलं की भीतीला मागे कॅरियरवर बसवायचं, हँडल तिच्या हातात द्यायचं नाही.

"रस्ता बघायचाय ना? मग रस्त्यावर या," ती म्हणाली आणि टांग मारून निघाली.

ताई आल्या. रिक्षा करून आल्या, बाहेर डोकं काढून, चौकाचौकात सूचना देत. डावीकडे हो, हळू, खड्डा आहे, पोरीचा हात बघ. ठकू घंटी वाजवत होती, आधी गंमत म्हणून आणि मग हक्काने. इन्स्पेक्टर रस्त्याच्या कडेला चिकटून चालवत नव्हती. मधवाल्याने तिला शिकवलं होतं की कडेने गेलीस तर उभ्या गाड्यांची दारं उघडून तोंडावर येतील, तू लेनच्या मधोमध राहा आणि दिसत राहा. मागून एक मोटरवाला हॉर्नवर बसला. बसूनच राहिला. शेवटी शेजारी येऊन त्याने काच खाली केली आणि विचारलं, रस्ता काय तुझ्या बापाचा आहे का?

"हो," इन्स्पेक्टर म्हणाली. "आणि तुमच्याही. म्हणूनच हळू चालवा."

मोटरवाला पुढे गेला आणि बाजाराच्या गर्दीत अडकला. त्याच्यामागे रिक्षाही अडकली. सायकल मात्र दोघांच्या मधून निघाली आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन ताईंची वाट बघत उभी राहिली. ताई रिक्षा सोडून घाम पुसत चालत आल्या.  

पण गल्लीच्या टोकाला खोका नव्हता, टब नव्हता. आत्याची जागा रिकामी होती. साबणवाली म्हणाली, आत्या रविवार चुकवत नाही. चीजवाला म्हणाला, गेली असेल कुठेतरी. गंमत अशी की त्या गल्लीत आत्याला सगळे ओळखत होते आणि तिचं घर कोणालाच माहीत नव्हतं. तिची तीनचाकी दुरुस्त करायला एकदा काका गेले होते तेवढेच. पाण्याच्या टाकीमागे, पायऱ्यांच्या अलीकडे, निळं दार.

इन्स्पेक्टरला मनगट आठवलं. तिने पाव काकांकडे उतरवले. पावांशेजारी एका पट्टीने कॅरियरला बांधलेलं ट्यूबांचं उरलंसुरलं भेंडोळं होतं, ते तसंच राहू दिलं. ताईंना म्हणाली, मी जाऊन येते, तुम्ही थांबा. ताईंनी काय झालं ते विचारलं. इन्स्पेक्टरने सांगितलं, काल रबर ओढताना बहुतेक हात दुखावलाय, एकटीच राहते.  हेडनर्सच्या चेहऱ्यावर वॉर्डातला चेहरा आला. त्यांनी गल्ली बघितली, पायी किती लागेल त्याचा अंदाज घेतला, आणि पदर खोचून सायकलच्या कॅरियरवर बसल्या.

"हळू चालव," त्या म्हणाल्या. "आणि हे कोणाला सांगायचं नाही."

पुढे ठकू, मध्ये इन्स्पेक्टर, मागे तिची कंबर धरून हाडांच्या वॉर्डाची हेडनर्स. साबणवाली ते दृश्य अजून सांगते. चढावर ताई उतरल्या आणि मागून ढकलत आल्या.

निळ्या दाराला आतून कडी नव्हती. आत्या खाटेवर बसली होती. मनगट चांगल्या फुगलेल्या कणकेच्या गोळ्यासारखं झालं होतं आणि ती दातांनी त्याला फडकं बांधायचा खटाटोप करत होती. काल दुपारपासून तिने काही खाल्लेलं दिसत नव्हतं. स्टोव्ह पेटवायला दोन हात लागतात.

"सुटली का कड?" तिने आधी हेच विचारलं.

"नाही सुटली."

"मग कशाला आलीस?"

ताई खाली गुडघ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, हात दाखवा. आत्या म्हणाली, दाखवत नाही. ताई म्हणाल्या, माझ्या वॉर्डात असं बोलणाऱ्याला मी जेवण देत नाही. आत्या म्हणाली, तुझ्या वॉर्डात येतंय कोण?  इन्स्पेक्टरला वाटलं, आता इथे आपलं काही काम नाही, हे दोन दगड आपापसात बघून घेतील. तिने स्टोव्ह पेटवला. थोड्या वेळाने मागे वळून बघितलं तर हात ताईंच्या मांडीवर होता.

हाड सरकलंय, ताई म्हणाल्या, फोटो काढावा लागेल, पण तोवर हलता कामा नये. आधाराला काहीतरी ताठ द्या. खोलीत ताठ म्हणजे वेतच होता. ताईंनी एक काडी हाताच्या आतून लावली, एक बाहेरून, आणि बांधायला काही मागितलं. इन्स्पेक्टरने कॅरियरवरची ट्यूबची पट्टी सोडून आणली. ताईंनी ती हलक्या हाताने, एकसारख्या वेढ्यांनी गुंडाळली.

आत्या आपल्या हाताकडे बघत राहिली.

"म्हणजे आता मलाही चाळणीची कड," ती म्हणाली. "वाट लावलीस तू माझी."

त्यानंतर काय झालं ते थोडक्यात सांगायचं तर सायकल विकली गेली नाही. ताईंनी माघार घेतली असंही कोणी म्हणू नये, त्यांनी फक्त ठकूला छोटं हेल्मेट आणून दिलं आणि पाळणाघरातली जागा दुसऱ्या कोणाला तरी दिली. रिक्षातून द्यायच्या त्या सूचना त्या आता घरूनच देतात. गल्लीत दोन कड्यांची कड मागणारी माणसं वाढली आहेत, आणि आत्या प्रत्येकाला सांगते की ही फालतू पद्धत तिची नव्हे, एका शिकलेल्या बाईची आहे. सांगते आणि बांधून देते. तिच्या मनगटात आता पहिल्यासारखा जोर नाही, म्हणून ओढायला काका लागतात.

आणि इन्स्पेक्टरच्या रोजच्या फेरीत एक घर वाढलं. शेवटचा पाव निळ्या दारी. तो द्यायचा म्हणजे आत जायचं, बघायचं, शिव्या खायच्या आणि परत यायचं. आजवर चुकलं नव्हतं. आज मात्र ठकूला ताप आहे, ताई ड्युटीवर आहेत आणि नवरा पाळीवर. इन्स्पेक्टर पोरीच्या उशाशी बसली आहे, एक हात कपाळावर आणि डोळे घड्याळाकडे. म्हणून ती तुम्हालाच सांगते, कारण तुम्ही त्याच बाजूने जाणार असाल: पाण्याच्या टाकीमागे, पायऱ्यांच्या अलीकडे, निळं दार. हा पाव घेऊन जा आणि सायकलची घंटी दोनदा वाजवा. आतून विचारतील, कोण मेलं? तसं विचारलं तर पाव उंबऱ्यावर ठेवा आणि निघा. नाही विचारलं तर थांबू नका, संकोच करू नका. कडी आतून लागत नाही. दार ढकला.